आभाळ निवळल्यावर

२८ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरच्या माछिल सेक्टरमध्ये पाच जवानांच्या पायाखालची बर्फाची वाट खचली आणि ते आत गाडले गेले. सोबत्यांनी त्यांना उकरून बाहेर काढलं. पाचही जण जिवंत होते. पण हवा इतकी बिघडली होती की त्यांना लगेच हलवता येईना. दोन दिवसांनी ते श्रीनगरला पोचले आणि तिथे ३० जानेवारीला पाचही गेले. त्यांतले तीन महाराष्ट्राचे होते आणि त्या तिघांतला एक परभणी जिल्ह्याचा. त्याच आठवड्यात गुरेझमध्ये लष्कराच्या तळावर आणि गस्तीच्या तुकडीवर बर्फाचे कडे कोसळले होते. तिथेही दहाहून अधिक जवान गेले, त्यांतही विदर्भातली मुलं होती.

या अंकासाठी संपादकांनी ‘वादळ’ हा विषय सांगितला तेव्हा मला माछिल आठवलं. त्या पाच जणांना बर्फाने गाडलं आणि वादळाने अडवलं. बातम्यांमध्ये या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळून जातात, आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘तिकडे बर्फात काहीतरी झालं’ एवढंच उरतं. मला हे बरोबर वाटत नाही. हिमवादळ आणि हिमस्खलन यांत माणूस वेगवेगळ्या कारणांनी मरतो आणि वेगवेगळ्या गोष्टींमुळे वाचतो. ज्या जिल्ह्यांतून मुलं भरतीला जातात आणि आता सहलीलाही बर्फात जातात, तिथे हा फरक घरोघरी ठाऊक असायला हवा. म्हणून मी परभणी जिल्ह्यातच जायचं ठरवलं.

चारठाण्यातला पांढरा दिवस

जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चारठाणा लागतं. गाव देवळांचं. गोकुळेश्वराचं मंदिर, तिथली पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, वस्तीजवळ उभा असलेला उंच कोरीव स्तंभ, आणि इकडेतिकडे पडलेल्या शिळा, त्यांवर अजून स्पष्ट दिसणारी नक्षी. मराठवाड्याबाहेरच्या फार थोड्या लोकांनी हे पाहिलेलं आहे, याची खंत वाटते. काळा बेसाल्ट, काळी जमीन, ज्वारी, हरभरा, कापूस, सोयाबीन. इथे बर्फ पडत नाही. थंडीची लाट आली की परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते, आणि थंडीची हद्द तिथे संपते.

तरी चहाच्या टपरीवर बर्फाचं नाव काढलं तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सगळ्यांना आठवत होती. त्या पंधरा-वीस दिवसांत महाराष्ट्रभर गारा पडल्या. मराठवाड्यात काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, गहू झोडपला गेला, हरभऱ्याचे घाटे गळाले, शेतं पांढरी दिसू लागली. एका शेतकऱ्याने हाताने दाखवलं, बांधाच्या कडेला गारांचा ढीग किती होता ते. “सकाळपस्तोर इरघळला न्हाई,” तो म्हणाला.

गार आणि हिम यांचं कूळ वेगळं आहे. गार तयार होते ती गडगडाटी ढगात. जोरदार वर चढणारी हवा पाण्याचा थेंब उचलून गोठवते, पुन्हा पुन्हा वर नेते, त्याच्यावर थर चढवते आणि वजन पेलेनासं झालं की सोडून देते. हिमाचा कण मात्र थेंब गोठून बनत नाही. थंड ढगात वाफ थेट स्फटिकावर जमते आणि तो हलका, फांद्याफांद्यांचा तुकडा तरंगत खाली येतो. गार दहा-पंधरा मिनिटांत पीक नासवते आणि वितळून जाते. हिम साचतं, आठवडेच्या आठवडे राहतं, आणि साचलेलं असताना आतल्या आत बदलत राहतं. पुढची सगळी गोष्ट या साचण्याची आहे.

चारठाण्याचा काश्मीरशी हवामानाचा धागा मात्र खरा आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानावरून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकतात. हिवाळा सरता सरता त्यांच्यातल्या एखाद्याचा प्रभाव दक्षिणेकडे पसरतो, वरच्या थरात थंड हवा येते, खालून समुद्राकडची बाष्पाची हवा मिळते, आणि मराठवाड्यावर गारांचे ढग उभे राहतात. परभणीचा जवान ज्या चौकीवर बर्फ उपसत असतो, त्याच जातीची प्रणाली काही आठवड्यांनी त्याच्या बापाचा हरभरा झोपवू शकते.

या भागात फौजेतून निवृत्त झालेली माणसं गावोगाव भेटतात. हुद्दा कुठलाही असो, गाव त्यांना ‘मेजर’च म्हणतं. कुपवाड्याकडे नोकरी केलेल्या अशा एका मेजरांशी मी पारावर बसून बोललो. मी वादळाबद्दल विचारत होतो आणि ते सारखे दुसऱ्याच गोष्टीकडे वळत होते. “बर्फ पडायलं की आम्ही आत बसणार, बुखारी पेटवणार. त्येची भीती न्हवती. ऊन पडलं की भीती. ऊन पडलं की वरून हुकूम यायचा, उतारावर एकामागं एक जायचं, घोळक्यानं न्हाई.” बर्फ न पाहिलेल्या माणसाला हे उलटं वाटेल. प्रत्यक्षात अख्खं शास्त्र त्या दोन वाक्यांत आहे.

वादळात मारते ती हवा

हिमवादळात बर्फ असतो, पण घात करतो तो वारा. अमेरिकेच्या हवामान खात्याने ‘ब्लिझर्ड’ म्हणायला घातलेल्या अटी पाहिल्या की हे कळतं. ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, दृष्टीचा टप्पा पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत, आणि ही अवस्था किमान तीन तास. किती बर्फ पडला पाहिजे याची अट त्यात नाही. आभाळातून एक कणही न पडता, जमिनीवरचा सैल बर्फ वाऱ्याने उडून हिमवादळ होऊ शकतं.

वाऱ्याचं काम दुहेरी असतं. अंगाभोवती शरीराने तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. हवा उणे दहा अंश असेल आणि वारा ताशी ५० किलोमीटर, तर उघड्या त्वचेची उष्णता उणे बावीसच्या शांत हवेत जाईल तितक्या वेगाने जाते. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की माणूस थरथरतो, बोबडा होतो, बोटांनी झिप लावता येत नाही. आणखी उतरलं की थरथर थांबते आणि बुद्धी सुटते. शेवटच्या अवस्थेत काही जण उकडतंय असं वाटून अंगावरचे कपडे काढतात. शोधपथकांना असे मृतदेह सापडले आहेत.

दुसरं, वारा डोळे काढून घेतो. जमीन पांढरी, हवा पांढरी, क्षितिज नाही. तंबूपासून थोड्याशा अंतरावर माणूस हरवतो. तरीही वादळाचा एक गुण आहे, आणि तो मोलाचा आहे: वादळ वेळ देतं. उपग्रहावर ते आधी दिसतं. आल्यावरही तासन् तास असतात. त्या तासांत आडोसा करता येतो, बर्फात खड्डा खणून आत बसता येतं, एकमेकांना चिकटून ऊब राखता येते. वादळात मेलेल्यांच्या कहाण्या बहुतेकदा उशिरा परत फिरण्याच्या असतात.

उतार, थर आणि वजन

हिमस्खलनाला वारा लागतोच असं नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: पुरेसा तीव्र उतार, त्यावर एकसंध झालेली बर्फाची लादी, आणि लादीखाली एक कच्चा थर. धोक्याचे उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांचे. त्याहून सपाट असेल तर बर्फ टिकून राहतो, त्याहून उभा असेल तर पडतानाच थोडाथोडा घसरून जातो. मधल्या उतारांवर तो साचतो. गंमत म्हणून बर्फात उतरायला माणसाला आवडतात ते उतारही हेच.

कच्चा थर कसा बनतो हे समजलं की डोंगराकडे पाहायची नजर बदलते. थंडीच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो. खाली जमीन शून्याच्या आसपास उबदार, वर हवा उणे पंधरा-वीस. एवढ्याशा जाडीत एवढा फरक असल्याने बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांचा आकार बदलते. चिकटणारे बारीक कण जाऊन टोकदार, सुटे, खडीसाखरेसारखे दाणे उरतात. दुसरा प्रकार निरभ्र थंड रात्रीचा: पृष्ठभागावर दवासारखे पिसासारखे स्फटिक उगवतात, सकाळी सुंदर चमकतात, आणि त्यांच्यावर पुढचा बर्फ पडला की खाली लपलेला सैल थर तयार. आता त्यावर वादळ येतं, मीटरभर बर्फ टाकतं, आणि वारा त्याला दाबून घट्ट करतो. साखर पसरलेल्या तिरप्या पाटावर जड फरशी ठेवावी, तशी ही रचना. कशाच्या तरी आधाराने थांबलेली.

ती सुटायला निमित्त पुरतं. आणखी थोडा बर्फ, दुपारचं ऊन, किंवा माणसाचं पाऊल. पाऊल पडल्यावर कच्चा थर खचतो, ती खचण सेकंदभरात दूरवर पसरते, आणि वर आडवी भेग जाऊन अख्खी लादी एकदम निघते. कोरड्या बर्फाचं असं स्खलन ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जातं, भुकटीचा लोट उठला तर त्याच्या दुपटीनेही. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या अपघातांच्या नोंदी सांगतात की बळी गेलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांच्या बाबतीत लादी त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्या गटातल्या कुणाच्या तरी वजनाने सुटलेली असते. ओरडल्याने कडा कोसळतो हे सिनेमातलं. आवाजाचा दाब त्यासाठी फार म्हणजे फारच कमी पडतो. वजन लागतं.

वादळ आणि स्खलन यांचं नातं इथे आहे. वादळ माल आणून टाकतं. वाऱ्याच्या बाजूचा बर्फ खरवडून कड्याच्या आडोशाच्या उतारावर रचतं, त्यामुळे तिथे आभाळातून पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ साचू शकतो. मग आभाळ निवळतं, लोकांना हायसं वाटतं, दोन दिवस कोंडलेली पावलं बाहेर पडतात. उतारावरचं ओझं मात्र तसंच असतं. नव्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत घातक मानले जातात ते यामुळे. मेजरांना ऊन पडल्यावर भीती वाटायची ती हीच.

आपल्याकडे हे सह्याद्रीत मातीच्या रूपाने घडलेलं आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, दीडशेहून अधिक माणसं डोंगराखाली गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गेली. पाऊस सगळ्यांवर पडत होता, पण घात केला तो पाणी पिऊन जड झालेल्या उताराने. पाऊस मोजणं आणि उतार तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं करतो, दुसरं फार कमी गावांत होतं, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

एक स्वच्छ सकाळ, एक वादळी दिवस

उत्तराखंडातल्या दोन दुर्घटना शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.

४ ऑक्टोबर २०२२. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रम चालू होता. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी द्रौपदी का डांडा-२ या शिखराकडे चढत होते. सकाळची वेळ, हवा स्वच्छ. शिखराच्या खालच्या उतारावर बर्फाला भेग गेली, लादी सुटली आणि तिने दोराला बांधलेल्या माणसांना खालच्या हिमदरीत ओढून नेलं. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होती. ही सगळी शिकलेली, अंगाने तयार माणसं होती, आणि त्यांच्याकडे होते फक्त काही सेकंद.

जून २०२४. सहस्रताल. कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा बावीस जणांचा गट सुमारे साडेचार हजार मीटरच्या उंचीवरून परतत असताना वादळात सापडला. कडा कोसळला नाही, कुणी गाडलं गेलं नाही. बर्फ, वारा, धूसर झालेली वाट आणि रात्र उघड्यावर. नऊ जण गेले, बाकीच्यांना हवाई दलाने आणि बचाव पथकांनी खाली आणलं. इथे तास होते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात तेव्हा काय होतं, ते नेपाळने ऑक्टोबर २०१४मध्ये पाहिलं. बंगालच्या उपसागरातलं हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचा उरलेला ओलावा अन्नपूर्णा भागात पोचला आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीत अवेळी प्रचंड बर्फ पडला. चाळीसहून अधिक माणसं गेली. काही खिंड उतरताना वाट चुकून गारठली, काही दुसऱ्या खोऱ्यांत घसरत्या बर्फाखाली गेली. ऑक्टोबर हा तिकडे ट्रेकिंगचा सर्वांत खात्रीचा महिना मानला जातो.

पंधरा मिनिटं

गाडलं गेल्यावर काय होतं हे नीट सांगायला हवं. हलताना पाण्यासारखा वाटणारा बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो. हात हलत नाही. नाकासमोरचा बर्फ श्वासाने वितळून पुन्हा गोठतो आणि बर्फाचा मुखवटा तयार होतो, त्यातून हवा येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांचा अभ्यास सांगतो की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेली बहुतेक माणसं वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचण्याचं प्रमाण साधारण तिघांत एकावर येतं. म्हणजे बाहेरून येणाऱ्या बचाव पथकाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. बाजूला उभा असलेला सोबतीच वाचवू शकतो, आणि तोही त्याच्याकडे तीन वस्तू असतील तर: संदेश पाठवणारा-पकडणारा बीकन, टोचून पाहायची लांब सळई, आणि फावडं. जुन्या काळी सैनिक कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडत, कारण माणूस गाडला तरी दोरीचं टोक वर राहण्याची शक्यता असे.

अपवाद घडतात आणि त्यांची कारणं असतात. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली. दहा जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक. उंची साडेएकोणीस हजार फुटांच्या पुढे. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड पंचवीस फूट खालून जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला. ५४ जण त्यात सापडले, ४६ वाचले. पुष्कळ जण लोखंडी कंटेनरमध्ये होते. आत हवा होती, भिंती होत्या. ज्याच्या तोंडासमोर थोडी पोकळी राहते त्याला मिनिटांऐवजी तास मिळतात.

वादळाने गारठलेल्याचं उलटं असतं. त्याला घाईने ओढायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत, कारण हातापायांतलं थंड रक्त एकदम हृदयाकडे गेलं तर ते थांबू शकतं. ओले कपडे काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, आडवं ठेवून हळू हलवायचं. अगदी थंड पडलेल्या, नाडी न लागणाऱ्या माणसालाही ऊब मिळेपर्यंत मृत धरायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. गारठलेला मेंदू कमी प्राणवायूवर जास्त वेळ तगतो. माछिलच्या पाच जणांच्या वाट्याला दोन्ही संकटं आली: आधी गाडलं जाणं, मग थंडीत दोन दिवस थांबणं. सोबत्यांनी स्वतःचं काम वेळेत केलं होतं.

इशारा कोण देतो

भारतात हे दोन इशारे दोन ठिकाणांहून निघतात. बर्फवृष्टी आणि वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याचा. स्खलनाचा इशारा चंडीगडच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेचा, म्हणजे डीजीआरईचा. मनालीची जुनी हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था २०२०मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर एकत्र करून ती झाली. पहिला अंदाज आभाळाकडे पाहतो. दुसऱ्याला उतारावरचा बर्फ खणून त्याचे थर मोजावे लागतात, आधीच्या आठवड्यांचा हिशेब ठेवावा लागतो. ‘उद्या हवा स्वच्छ’ आणि ‘उद्या स्खलनाचा धोका मोठा’ हे दोन्ही इशारे एकाच दिवसासाठी खरे असू शकतात. मोबाइलवर सूर्याचं चित्र पाहून निघणाऱ्याला हे माहीत नसतं.

मराठवाड्यातून आता डिसेंबर-जानेवारीत केदारकांठा, मनाली, गुलमर्गला जाणाऱ्यांची रीघ असते. चारठाण्याच्या टपरीवरही एका कॉलेजच्या पोराने मोबाइलमधला स्वतःचा बर्फातला फोटो दाखवला. त्याच्या गटाला कुणी सांगितलं नव्हतं की गेल्या दोन दिवसांत वारा कुठल्या बाजूने होता आणि बर्फ कुठल्या उतारावर साचला, तंबू कुठल्या कड्याच्या तोंडाशी ठोकलेत, बीकन किती आहेत आणि ते लावून शोधायचा सराव कुणाला आहे. त्यानेही विचारलं नव्हतं. पैसे भरणाऱ्याने हे विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर पैसे परत मागावेत.

वादळासाठी आयोजकाला एकच प्रश्न पुरतो: परत फिरायची वेळ किती वाजताची? ती निघण्याआधी ठरावी लागते, कारण शिखर जवळ दिसू लागल्यावर कुणाला ती ठरवता येत नाही. १० मे १९९६ला एव्हरेस्टवर अनेक जण दुपारी दोननंतरही वर चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि आठ जण गेले. त्याच दिवशी वर गर्दी झालेली पाहून स्टुअर्ट हचिसन, जॉन टास्क आणि लू कासिश्के सकाळी साडेअकराच्या सुमारास, शिखर समोर असताना, मागे वळले होते. वादळ सुरू झालं तेव्हा ते तंबूत होते.